डेव्ह अ‍ॅलन, आमच्या फरहाउसचा

त्याच्या डाव्या हाताची तर्जनी अर्धीच होती. एका उंच खुर्चीवर निवांत बसायचा, अंगात चांगला शिवलेला सूट, बोटांत सिगरेट, बाजूला ग्लास, आणि गोष्ट सांगता सांगता त्या अर्ध्या बोटानं पँटवरची राख झटकायचा. बोट कसं तुटलं असं कुणी विचारलं की दरवेळी नवीन गोष्ट आणि प्रत्येक गोष्ट आधीच्यापेक्षा रंगलेली. ग्लासात व्हिस्की आहे असं जगाला वाटायचं पण असायचं जिंजर एल. डेव्ह अ‍ॅलन त्याचं नाव. साठ-सत्तरच्या दशकांत ब्रिटिश टीव्हीवरचा सगळ्यात मोठा आयरिश कॉमेडियन, आणि त्याच्याच देशाच्या सरकारी चॅनेलनं त्याला दारं बंद केली होती.

इथं डब्लिनला आल्यानंतर बरेच दिवस मला हे नाव माहीतही नव्हतं. आपल्याकडे तिकडची कॉमेडी म्हणजे मिस्टर बीन, फार तर फार चार्ली चॅप्लिन. पण इथं साठीच्या पुढची माणसं एकमेकांचा निरोप घेताना हसून "तुमचा देव तुमच्यासोबत असो" असं म्हणतात ते ऐकलं, आणि ते बायबलमधलं वगैरे काही नसून एका नास्तिक कॉमेडियनचं शोच्या शेवटचं वाक्य आहे हे कळलं तेव्हा मी त्याचे जुने एपिसोड शोधायला लागले आणि मग थांबलेच नाही. त्यात परत हा माणूस आमच्याच भागातला निघाला! मी राहते ते फरहाउस, डब्लिनच्या नैऋत्य टोकाला, टालाच्या शेजारी, डॉडर नदीच्या काठावर. टालात आपले भारतीय भरपूर, केरळच्या नर्सेस, आयटीवाले, आंध्रवाले, मराठी घरंही आहेत. तर ह्याच फरहाउसमध्ये ६ जुलै १९३६ला डेव्हिड टायनन ओ'माहोनी जन्मला. तेव्हा इथं शेतं होती आणि हे गाव शहराबाहेर होतं.

वडील द आयरिश टाइम्सचे जनरल मॅनेजर, गप्पिष्ट माणूस. आई इंग्लंडमध्ये जन्मलेली, नर्स. म्हणजे खाऊनपिऊन सुखी घर, आणि घरात गोष्टी सांगायची सवय. पण डेव्हिड बारा वर्षांचा असताना वडील गेले आणि घराची घडीच विस्कटली. शाळा सगळ्या धार्मिक, कधी नन्सची तर कधी पाद्र्यांची, कारण त्या काळच्या आयर्लंडमध्ये कॅथलिक पोराला दुसरी शाळा नव्हतीच जवळपास. आणि शाळेत मार. नुसता मार नाही, वर नरकाची भीती. इथल्या शाळांमधे मारायला बंदी आली ती १९८२मधे, म्हणजे हा तोवर पंचेचाळिशी ओलांडलेला.

त्याचा शाळेच्या पहिल्या दिवसाचा किस्सा आहे तो मी कितीतरी वेळा बघितलाय. चार वर्षांचं पोर, आईनं हाताला धरून कॉन्व्हेंटमधे नेलेलं. आत काळोख, पायापर्यंत काळे झगे घातलेल्या बायका, आणि भिंतीवर एक माणूस, हातापायाला खिळे ठोकून लाकडावर लटकवलेला. अन् ती नन खाली वाकून एकदम गोड आवाजात विचारते, तू शहाण्यासारखा वागणार ना बाळा? पोर एकदा ननकडे बघतं, एकदा भिंतीवर बघतं, आणि म्हणतं, हो हो हो. बास एवढंच. पण ते दोनदा वर बघणं त्यानं जे केलंय ना, डोळे तेवढे हलतात, बाकी चेहरा चार वर्षांच्या मुलाचा, पन्नाशीच्या माणसाच्या सुरकुत्यांमधून अचानक एक घाबरलेलं पोर दिसतं. प्रेक्षक पोट धरून हसतात. मी पहिल्यांदा हसले आणि मग आवंढा गिळला कारण त्या पोराला काय वाटलं असेल ते त्यानं जसंच्या तसं जपून ठेवलं होतं.

मला त्याच्याबद्दल जे सांगायचंय ते खरं तर हेच आहे. चर्चवर, पोपवर, पाद्र्यांवर विनोद करणारा म्हणून तो वादग्रस्त ठरला, धर्मबुडवा म्हणून शिव्या खाल्ल्या, पण त्याचे विनोद बाहेरून कुणी दगड मारावा तसे नव्हते, तो त्याच घरात वाढलेला होता, त्याच्या हातावर त्या छड्या बसलेल्या होत्या, आणि जे त्याचा देश तोंडातून काढायला तयार नव्हता ते तो समुद्रापलीकडच्या एका खुर्चीवर बसून सांगत होता.

शाळा सुटल्यावर घराणं वर्तमानपत्राचं म्हणून आधी तिकडेच. उत्तरेला ड्रॉहेडा नावाचं गाव आहे, बोइन नदीवरचं, तिथल्या ड्रॉहेडा आर्गस पेपरात काही काळ काम केलं. मग लंडन. तिथं पेपरात काही जमेना म्हणून बटलिन्सच्या हॉलिडे कॅम्पमधे लागला. हे बटलिन्स म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरच्या मोठ्या वसाहती, इंग्लंडमधली कामगार कुटुंबं सुट्टीत आठवडाभर जाऊन राहायची, आणि तिथं लाल कोट घातलेली पोरं-पोरी पाहुण्यांना सकाळपासून रात्रीपर्यंत हसवत खेळवत ठेवायची. रेडकोट म्हणायचे त्यांना. दिवसा पोरांच्या शर्यती, रात्री स्टेजवर गाणी आणि विनोद. ब्रिटनचे किती तरी मोठे कलाकार ह्याच लाल कोटातून वर आलेत.

नाव बदललं ते तिथून पुढे. ओ'माहोनी इंग्रजांना म्हणता येईना, आणि नवीन नाव ए वरून ठेवलं तर एजंटच्या यादीत वरती येईल असा हिशोब, म्हणून अ‍ॅलन. इथं इंटरव्ह्यूला जाताना आपली मुलं नावाची काटछाट करतात, कुलकर्णीचं काय होतं आणि ज्ञानेश्वरीचं काय होतं हे आपल्याला माहितीये. त्या काळात लंडनमधे भाड्यानं खोली शोधणाऱ्या आयरिश माणसाला काय ऐकून घ्यावं लागायचं ते इथली म्हातारी माणसं अजून सांगतात.

१९५९मधे बीबीसीच्या एका टॅलेंट शोमधून पहिल्यांदा टीव्हीवर. १९६३च्या सुरुवातीला हेलन शपिरो नावाच्या गायिकेचा ब्रिटनभर दौरा होता, त्याचं सूत्रसंचालन ह्याच्याकडे, आणि त्या दौऱ्यात यादीत खाली खाली एक नवीन बँड होता, बीटल्स! त्यानंतर हा गेला ऑस्ट्रेलियाला आणि खरा स्टार झाला तो तिकडे. चॅनेल नाइनवर स्वतःच्या नावाचा टॉक शो मिळाला, वय सत्तावीस-अठ्ठावीस. आणि पहिला बॅनही तिकडचाच. पीटर कुक आणि डडली मूर ह्या दोन ब्रिटिश कॉमेडियन्सबरोबर लाइव्ह गप्पा एकदम रंगात आलेल्या, प्रोड्यूसर जाहिरातींसाठी ब्रेक घे म्हणून मागे लागलेला, तर ह्यानं कॅमेऱ्यासमोरच त्या प्रोड्यूसरला जाऊन हस्तमैथुन कर असं सांगितलं. त्या काळची गोष्ट आहे ही, टीव्ही अख्खं कुटुंब एकत्र बसून बघायचं. ह्या प्रकरणाचं मी समर्थन करणार नाही, ऑफिसात कुणी असं बोललं तर मी स्वतः एचआरकडे जाईन. पण गप्पा चांगल्या चालल्यात आणि त्या जाहिरातीसाठी तोडायच्या नाहीत, हा हट्ट मात्र त्याचा शेवटपर्यंत राहिला.

१९६४ला ब्रिटनला परतला. वॉटरफर्डचा गायक व्हॅल डूनिकन, त्याच्या शोमधे १९६५पासून दर आठवड्याला एक तुकडा मिळाला, तिथं ब्रिटिश लोकांना हा पहिल्यांदा नीट दिसला. १९६७ला आयटीव्ही ह्या ब्रिटनच्या खाजगी चॅनेलवर स्वतःचा शो, १९६८ला बीबीसी. आणि मग १९७१ ते १९७९, बीबीसी टूवर "डेव्ह अ‍ॅलन अ‍ॅट लार्ज". त्याचं खरं काम हे.

शोची पद्धत साधी. हा खुर्चीवर बसणार, एखादी गोष्ट सुरू करणार, मधेच एक स्केच, परत खुर्ची, परत गोष्ट. बाकीचे कॉमेडियन तेव्हा उभे राहून धडाधड जोक मारायचे, एक संपला की दुसरा, सासूवर, काळ्या लोकांवर, आणि आयरिश लोकांच्या बावळटपणावर तर हमखास. अ‍ॅलनला घाईच नसायची. पारावर बसून एखादा जाणता माणूस गोष्ट सांगतो तसं, अरे तुम्हाला सांगतो, परवा काय झालं. गोष्ट पाच मिनिटं चालायची, शेवटची ओळ महत्त्वाची नसायचीच, वाटेत माणसं भेटायची, आवाज बदलायचे, भुतं यायची, दारुडे यायचे, आणि आपण कुठे निघालो होतो ते विसरून जायचो.

स्केचमधे पाद्री, नन्स, बिशप, आणि कन्फेशनची पेटी, म्हणजे जिथं बसून पाद्र्याला आपली पापं सांगायची ती. दोन प्रेतयात्रांचं एक स्केच आहे, दोन वेगवेगळ्या बाजूंनी स्मशानाकडे निघालेल्या, दोघांना एकमेकींची चाहूल लागते, आधी पावलं जरा भराभर पडतात, चेहरे मात्र तसेच गंभीर, मग अजून भराभर, आणि शेवटी शवपेट्या खांद्यावर घेऊन चक्क शर्यत. आयर्लंडमधे अंत्ययात्रा किती मोठी गोष्ट आहे ते इथं राहिल्यावर कळतं, कामावरचा माणूस असला तरी त्याच्या आईच्या फ्युनरलला अख्खं ऑफिस जातं, रेडिओवर गावातल्या मृत्यूच्या बातम्या वाचून दाखवतात आणि लोक कान देऊन ऐकतात. ते सगळं माहीत असलेल्या माणसालाच हे स्केच सुचू शकतं.

आणि १९७५मधे ते पोपचं स्केच. सेंट पीटर्स बॅसिलिकाच्या पायऱ्या, पोपच्या वेशात स्वतः अ‍ॅलन, मागे कार्डिनल मंडळी, कॅबरेचं संगीत सुरू होतं आणि पोप एक एक वस्त्र उतरवायला लागतो. बघताना मला अजूनही जरा चमकायला होतं, मग तेव्हाच्या कॅथलिकांना काय झालं असेल! प्रचंड गदारोळ झाला. १९७७पासून आरटीई, म्हणजे आयर्लंडचं दूरदर्शन म्हणा, त्याचे कार्यक्रम दाखवेनासं झालं. वर कुठे हुकूम लिहिलेला नाही पण दाखवायचं नाही म्हणजे नाही.

आता ह्यातली गंमतीची गोष्ट इथल्या भूगोलाची. डब्लिन आणि पूर्व किनाऱ्यावरच्या लोकांना समुद्रापलीकडून वेल्समधून किंवा उत्तर आयर्लंडमधून बीबीसीचे सिग्नल पकडता यायचे. त्यासाठी चिमणीवर ह्या एवढ्या उंच अँटेना लावायचे, नंतर केबलही आली. पण पश्चिमेला, मेयो, गॉलवे, केरी, तिकडे फक्त आरटीई, १९७८पर्यंत तर एकच चॅनेल. म्हणजे देश एक पण टीव्ही दोन. आमच्या ऑफिसात मेयोचा एक सीनियर आहे, साठीला आलेला, त्यानं लहानपणी डेव्ह अ‍ॅलन कधी बघितलाच नाही, फक्त रविवारी मासमधे, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेत, पाद्री त्या माणसाचा कार्यक्रम बघू नका म्हणून सांगायचा तेव्हा नाव ऐकलेलं. जो कार्यक्रम तिथं दिसतच नव्हता तो बघू नका म्हणून सांगत होते.

आणि आमच्या शेजारच्या बाई, पक्क्या डब्लिनच्या, सत्तरीच्या, त्यांच्या घरी मात्र आठवड्याचा तो कार्यक्रम ठरलेला. त्या सांगतात तेव्हा माझ्या डोळ्यासमोर ते घर उभं राहतं. रात्री जेवण झालं की सगळ्यांनी गुडघे टेकून रोझरी, म्हणजे जपमाळेवरची प्रार्थना, म्हणायची, मग टीव्ही. डेव्ह अ‍ॅलन लागला की आई म्हणायची बंद करा ते, आणि उठून किचनमधे भांडी घासायला जायची. पाच मिनिटांनी हातात ओलं फडकं घेऊन दारात उभी. आत यायची नाही, बसायची नाही, दारातच. कन्फेशनचे विनोद सुरू झाले की तिचे खांदे हलायला लागायचे, फडकं तोंडावर दाबून हसायची. बाई म्हणतात, आमच्या आईला सात पोरं, दर शनिवारी कन्फेशनला जायची, तिनं आयुष्यात असं कुठलं पाप केलं होतं जे त्या पेटीत जाऊन सांगावं? पण पोपच्या त्या स्केचला मात्र आई आत आली, काही न बोलता टीव्हीचं बटण बंद केलं आणि त्या रात्री घरात कुणी आवाज काढला नाही.

हे मला महत्त्वाचं वाटतं. त्याच्यावर चिडलेली सगळी माणसं ढोंगी नव्हती. पाद्र्याची टिंगल चालते, पण जे आपण मनापासून पूजतो त्याची नको, ही रेषा आपल्याकडेही घराघरात आहे आणि ती ओढणारी माणसं बहुतेक वेळा साधी आणि भली असतात. अ‍ॅलन त्या रेषेच्या पलीकडे जायचा, मुद्दाम जायचा. त्याचं म्हणणं असं की ज्या खुर्चीपुढे वाकायला लावलं जातं त्या खुर्चीवर हसता आलं पाहिजे, मग ती खुर्ची शिक्षकाची असो, पाद्र्याची असो नाहीतर सरकारची. मला हे पटतं. पोपच्या त्या स्केचपेक्षा चार वर्षांच्या पोराचा किस्सा दहापट चांगला आहे हेही खरं.

आणि काही गोष्टी आज बघवत नाहीत हेही लिहायला पाहिजे. अ‍ॅट लार्जमधली काही स्केचेस, तोकड्या कपड्यातल्या बायका आणि त्यांच्याकडे बघून घसरणारे पुरुष, त्या काळच्या ब्रिटिश टीव्हीत ते सगळीकडेच होतं आणि हाही त्यातून सुटला नाही. मी ती पुढे ढकलते. खुर्चीवरचं बोलणं मात्र जुनं झालेलं नाही.

अजून एक गोष्ट तिथल्या काळाची. नोव्हेंबर १९७४मधे बर्मिंगहॅमच्या पबमधे बाँब फुटले, एकवीस माणसं गेली, आणि ब्रिटनमधे आयरिश उच्चार कानावर पडला की माना वळायला लागल्या. आयरिश लोक बसमधे बोलायचे बंद झाले. अशा दिवसांत दर आठवड्याला एक आयरिश माणूस तोच उच्चार घेऊन इंग्रजांच्या दिवाणखान्यात येत होता आणि लाखो घरांत त्याची वाट बघत होते. त्याची हुशारी, त्याचा रुबाब बघितला की बावळट आयरिश माणसावरचे ते जोक आपोआप फिके पडायचे. परदेशात राहणाऱ्याला ह्याची किंमत कळते.

भारतातल्या वाचकांसाठी थोडं मागचं सांगते, नाहीतर एवढं काय त्यात असं वाटेल. त्या काळचं आयर्लंड म्हणजे शाळा चर्चच्या, हॉस्पिटलं बरीचशी चर्चची, कायदे चर्चला विचारून. १९७९चा कायदा येईपर्यंत गर्भनिरोधकं विकायला बंदी, नंतरही डॉक्टरची चिठ्ठी लागायची. त्याच १९७९मधे पोप जॉन पॉल दुसरे आले तेव्हा डब्लिनच्या फीनिक्स पार्कात दहा लाखांच्या वर माणूस लोटला होता, तो मोठा क्रॉस तिथं अजून उभा आहे, आम्ही पोरांना घेऊन जातो तिकडे हरणं बघायला. घटस्फोट कायदेशीर करायला नोव्हेंबर १९९५मधे सार्वमत झालं ते फक्त ९,११४ मतांनी पास झालं! अख्ख्या देशात. आणि ह्या सगळ्याच्या आत, चर्चच्या सुधारगृहांत मुलांना मारहाण आणि लैंगिक अत्याचार, लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलींना मॅग्डलेन लाँड्रीत कोंडून फुकट राबवणं. सगळ्यांना थोडं थोडं माहीत होतं, कुणी बोलत नव्हतं. २००९मधे ह्या अत्याचारांच्या सरकारी चौकशीचा रायन रिपोर्ट आला, हजारो पानांचा, तेव्हा ते कागदावर आलं. अ‍ॅलन तेव्हा नव्हता. पण नन्सच्या आणि पाद्र्यांच्या हातातली छडी तो चाळीस वर्षं लोकांना दाखवत होता.

ऐंशीच्या दशकात तो टीव्हीपेक्षा थिएटरमधे जास्त रमला, लंडनच्या वेस्ट एंडला, ऑस्ट्रेलियाला एकट्यानं अख्खी संध्याकाळ खुर्चीवर बसून. सिगरेट सोडली. आणि जानेवारी १९९०मधे बीबीसी वनवर परत आला, केस पांढरे झालेले, त्रेपन्न वर्षांचा, आणि परत वाद. ह्यावेळी चर्चचा संबंधच नाही. किस्सा घड्याळाचा. आयुष्यभर आपण घड्याळावर पळतो, घड्याळ बघून उठतो, घड्याळ बघून खातो, झोपतो, परत उठून कामाला जातो, असं चाळीस वर्षं करतो आणि मग रिटायर होतो. आणि तेव्हा आपल्याला ते काय देतात? इथं एक जबरदस्त शिवी, आणि मग, घड्याळ!

त्या एका शिवीवरून तक्रारी आल्या, बीबीसीला दिलगिरी व्यक्त करावी लागली, पार्लमेंटमधे एका खासदारानं विषय काढला. एका शब्दासाठी. मला विचाराल तर ती शिवी नसती तर तो किस्सा फुसका झाला असता. चाळीस वर्षं मान खाली घालून पळालेल्या माणसाचा सगळा संताप त्या एका ठिकाणी फुटतो, त्याच्या आधी सगळं कसं शांत, तालात, घड्याळासारखंच चाललेलं असतं. आमच्या बाबांच्या निरोप समारंभात शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं होतं, ते पुण्याच्या घरी हॉलमधे अजून आहे, आणि बाबा त्या घड्याळाकडे बघत पहाटे पाचलाच उठतात, कुठेही जायचं नसताना. त्यांना मी हा किस्सा व्हिडिओ कॉलवर मराठीत सांगितला, शिवीसकट. आई ओरडली. बाबा बराच वेळ हसत होते.

१९९३मधे आयटीव्हीवर शेवटची मोठी मालिका. १९९६मधे ब्रिटिश कॉमेडी अवॉर्ड्समधे जीवनगौरव. त्याच सुमारास चॅनेल फोरवर तीन वेंधळ्या पाद्र्यांची "फादर टेड" ही मालिका सुरू झाली होती, ती आज आयर्लंडमधे पाठ आहे लोकांना, लहान पोरंसुद्धा तिचे डायलॉग मारतात आणि कुणाला काही वाटत नाही. वाट कुणी मोकळी केली होती ते उघड आहे. आणि त्यातला टेड झालेला डर्मट मॉर्गन तर १९९८मधे पंचेचाळीसाव्या वर्षीच गेला.

डेव्ह अ‍ॅलन १० मार्च २००५ला लंडनमधे झोपेतच गेला, ६८ वर्षांचा. दुसरी बायको तेव्हा गरोदर होती, त्यांचा मुलगा तीन आठवड्यांनी जन्मला.

त्याच्यानंतरच्या आयर्लंडबद्दल लिहिल्याशिवाय मला हे पूर्ण वाटत नाही कारण त्यात आपली माणसं आहेत. सविता हलप्पनवार, माहेर बेळगाव, इथं गॉलवेत डेंटिस्ट, एकतीस वर्षांची. ऑक्टोबर २०१२मधे सतराव्या आठवड्यात गर्भपात होऊ लागला, बाळ वाचणार नाही हे स्पष्ट होतं, तिनं गर्भ काढून टाका म्हणून विनवलं तर हृदयाचे ठोके आहेत तोवर कायद्यानं करता येत नाही, आणि हा कॅथलिक देश आहे, असं तिला ऐकवलं गेलं. जंतुसंसर्ग रक्तात पसरून २८ ऑक्टोबरला ती गेली. डब्लिनच्या रस्त्यावर हजारो लोक तिचा फोटो घेऊन उतरले. मे २०१८च्या सार्वमतात ६६ टक्क्यांवर लोकांनी तो कायदा बदलायला कौल दिला तेव्हा इथल्या भिंतीवर तिचं चित्र काढलं होतं आणि लोक रांगा लावून तिथं चिठ्ठ्या चिकटवत होते, सॉरी सविता म्हणून. "हा कॅथलिक देश आहे" ह्या वाक्याच्या जोरावर माणसांचं काय काय केलं जातं, हेच तर डेव्ह अ‍ॅलन आयुष्यभर सांगत होता, आणि त्याच्यावर लोक हसण्यावारी का नेतोस म्हणून चिडत होते.

त्याच वर्षी ऑगस्टमधे पोप फ्रान्सिस आले. डब्लिन कॅसलमधे त्यांच्यासमोर उभं राहून मॅग्डलेन लाँड्री, सुधारगृहं, पाद्र्यांनी मुलांवर केलेले अत्याचार, हे आमच्या राज्यावर, समाजावर आणि चर्चवर डाग आहेत असं जो पंतप्रधान तोंडावर बोलला तो लिओ वराडकर, ज्याचे वडील मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. आवाज चढवला नाही, अपमान केला नाही, पण एकही गोष्ट गाळली नाही. भाषण मी ऑफिसात लाइव्ह बघत होते आणि आमच्या मेयोच्या त्या सीनियरनं खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसून ते संपूर्ण ऐकलं. संपल्यावर तो म्हणाला, माझी आई असती तर तिला दाखवलं असतं. दोन महिन्यांनी, २६ ऑक्टोबर २०१८ला, देवनिंदा हा गुन्हा घटनेतून काढून टाकायचं सार्वमत झालं, जवळपास ६५ टक्के लोकांनी हो म्हटलं. आणि त्याच वर्षी बीबीसीनं डेव्ह अ‍ॅलनच्या आयुष्यावर एक टीव्हीपट केला, एडन गिलन त्याच्या भूमिकेत.

फरहाउसमधे लोकांना तो माहीत आहे पण हल्लीच्या पोरांना नाही. आमच्या लेकीच्या शाळेतल्या आयरिश मैत्रिणींना मी विचारलं तर कोण म्हणाल्या. त्यांच्या आज्यांना मात्र नुसतं नाव काढलं तरी हसू येतं.

कुणाला बघायचं असेल तर सुरुवात पोपच्या स्केचपासून करू नका, सगळे तिथूनच करतात आणि मग तेवढंच लक्षात राहतं. आधी शाळेचा पहिला दिवस बघा. मग घड्याळाचा किस्सा, कानात हेडफोन घालून. मग लहान मुलाला घड्याळ बघायला शिकवतो तो, तो पोरांबरोबर बघता येतो आणि हसून हसून डोळ्यात पाणी येतं. मग दोन प्रेतयात्रांची शर्यत. पोपचं स्केच सगळ्यात शेवटी, आणि ते बघून काय वाटलं ते मला नक्की कळवा, चिडलात तरी कळवा.